वॉर्डातली बेचाळीस वाक्यं

वासंतीबाई याळगींना कुणी त्यांची चूक दाखवली, तर त्या आधी चष्मा काढायच्या, पदरानं पुसायच्या, पुन्हा लावायच्या आणि मग समोरच्याची चूक काढायच्या. एकतीस वर्षं मुलींच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं की माणसाचं असं होतं, त्याला इलाज नाही. बेळगावच्या खडेबाजारात कापड घ्यायला गेल्या तरी दुकानदार त्यांच्याशी जपून बोलायचा, कारण त्याची बहीण, बायको आणि मुलगी तिघीही बाईंच्या हाताखालून गेलेल्या. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, मुलगी पुण्यात, आणि अनगोळच्या घरात दिवसभर बोलायला फक्त भिंती. अशात एका नर्सिंग कॉलेजचे संचालक, डॉक्टर राघवेंद्र, स्वतः घरी आले आणि म्हणाले की आमच्या मुलींसाठी इंग्रजीचा एक अभ्यासक्रम तयार करून द्या. बाईंनी विचार करायला दोन दिवस मागितले. खरं तर त्यांनी दोन मिनिटंसुद्धा विचार केला नाही.

कॉलेज शहराच्या कडेला, स्वतःच्या हॉस्पिटलसकट. नाव सांगून काय करायचंय. मुली खानापूर, निपाणी, चिकोडी, बैलहोंगल अशा चारी बाजूंच्या. निम्म्या मराठी शाळेतून आलेल्या, निम्म्या कन्नड. आदल्या वर्षी वॉर्डातल्या फळ्यावर सूचना कुठल्या भाषेत लिहायची यावरून मुलींत भांडण लागलं, ते घरी गेलं, घरून गल्लीत गेलं, आणि दोन्हीकडचे लोक झेंडे घेऊन फाटकाशी येऊन उभे राहिले. राघवेंद्र सरांनी त्याची धास्ती घेतली होती. माणूस सरळ, कुणाशी वैर नको असणारा. मराठी बोललं तर एकाच्या पोटात दुखतं, कन्नड बोललं तर दुसऱ्याच्या. इंग्रजी बोललं तर कुणाच्या बापाचं काही जात नाही, अशी त्यांची समजूत. बेळगावात जन्म गेलेल्या माणसाला हा तोडगा चटकन पटतो. वासंतीबाईंना तर इतका पटला की तो आपल्यालाच सुचल्यासारखा त्या शेजारणींना सांगू लागल्या.

काम मात्र त्यांनी मनापासून केलं, हे त्यांच्या वैऱ्यालाही कबूल करावं लागेल. बाजारातली तयार पुस्तकं त्यांनी चाळली आणि बाजूला ठेवली. त्यांत कुणी विमानतळावर हरवलेलं सामान शोधत होतं, कुणी हॉटेलात खोली मागत होतं. आमच्या मुलींना जांबोटीच्या बसनं यायचंय, त्यांना विमानतळ कशाला, असं म्हणून त्या तीन आठवडे रोज सकाळी वॉर्डात प्लास्टिकच्या खुर्चीवर वही घेऊन बसल्या. एका पेशंटच्या घरच्यांनी त्यांना आपल्यासारखंच कुणीतरी समजून इडलीसुद्धा देऊ केली. सिस्टर डॉक्टरांना काय सांगते, डॉक्टर काय विचारतात, ड्युटी बदलताना एक दुसरीला काय सांगून जाते, सगळं बाईंनी टिपून घेतलं. एकदा एका म्हाताऱ्याचा रक्तदाब एकाएकी उतरला तेव्हा एक सिस्टर ओरडली, ‘अक्का, बेग बर्री, बीपी डाऊन, लवकर या.’ कन्नड, इंग्रजी, मराठी, तिन्हींची मिसळ, आणि चौघी जणी हातातलं टाकून धावल्या. बाईंनी ते वाक्य वहीत लिहिलं आणि त्यावर तांबडी रेघ मारली, कारण ते कुठल्याच भाषेत शुद्ध नव्हतं.

अशी गाळून, निवडून बेचाळीस वाक्यं उरली. ताप चढला तर काय सांगायचं, उलटी झाली तर काय, टाक्यातून रक्त येत असेल तर काय, सलाईन संपलं तर काय. त्यांची पुस्तिका छापली आणि सोबत एक तक्ता. नियम साधा होता. पेशंटशी पेशंटच्या भाषेत बोलायचं; वॉर्डात बाकी सगळ्यांशी इंग्रजीत. मुलीनं सिस्टरला काही सांगितलं की सिस्टरनं तक्त्यावर खूण करायची. मराठी किंवा कन्नड शब्द निघाला तर मार्क कमी. वाक्य अर्धवट असेल तर मुलीला परत पाठवायचं, तयार करून ये म्हणून. हा परत पाठवण्याचा नियम बाईंचा स्वतःचा, हायस्कुलातला. तिथं त्यांनी हजारो मुलींना असं बाकावर धाडलं होतं आणि त्या मुली सुधारल्याही होत्या. पण वर्गात फार तर तास वाया जातो. वॉर्ड म्हणजे वर्ग नव्हे, हे बाईंना सुचलं नाही, आणि ज्यांना सुचायला हवं होतं त्या डॉक्टरांनीही मुकाट्यानं सह्या केल्या.

पहिल्या वर्षाच्या मुलींत रचना होती. जांबोटीच्या पुढं दोन मैल चालत जावं लागतं असल्या गावची, शेतकऱ्याची पोर, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. त्या बाजूच्या बायकांसारखी ‘मी आलो, मी गेलो’ असं बोलणारी. हात कामाला इतका हलका की सुई टोचलेली पेशंटला कळायची नाही, पण इंग्रजी बोलायचं म्हटलं की पहिल्याच शब्दाला अडायची. बाईंनी तिला एक युक्ती शिकवली. आधी लिहायचं, मग मनात वाचायचं, मग बोलायचं. रचनानं ती युक्ती देवाच्या आरतीसारखी पाळली. एप्रनच्या खिशात छोटी वही, वहीला दोरीनं बांधलेलं पेन. हळूहळू तिची वाक्यं बिनचूक यायला लागली आणि बाई इतर वर्गांत तिचा दाखला द्यायला लागल्या. बाईंचा तिच्यावर जीव जडला होता, तोंडानं त्या ते कधी बोलल्या नाहीत एवढंच.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी रचना बायकांच्या वॉर्डात ड्युटीवर होती. अकरा नंबरच्या खाटेवर निपाणीची मालुबाई. चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत राबलेली, पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले, उद्यापरवा घरी जायची. म्हातारी बोलकी, रचनाला नावानं न हाकारता ‘जांबोटीची पोर’ म्हणायची. लेक जेवायला खाली गेली होती. तीनच्या सुमाराला मालुबाईला एकदम घाम फुटला, हात गार पडले, आणि ती रचनाला काहीतरी बोलली. रचना तडक टेबलाशी गेली. तिथं सौम्या सिस्टर नव्या पेशंटचे कागद भरत होत्या. रचनानं इंग्रजीत सुरुवात केली, खाटेचा नंबर सांगितला आणि अडकली. मग म्हणाली, ‘सिस्टर, मालुबाईला कसंतरी व्हाया लागलंय.’ सौम्या सिस्टर निपाणीजवळच्याच, घरी कन्नड बोलणाऱ्या, पण मराठी त्यांना तुमच्याआमच्याइतकीच कळते. मात्र आदल्याच दिवशी राघवेंद्र सरांनी त्यांना तक्ते सैल भरता म्हणून सुनावलं होतं. त्यांनी मान वर न करता पेनानं तक्त्यावर टकटक केलं आणि तयार करून ये म्हणाल्या.

रचना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि वही काढली. बेचाळीस वाक्यांत ताप होता, उलटी होती, रक्त होतं, दुखणं होतं, तेही तीन प्रकारचं. म्हातारीला ह्यातलं काहीच होत नव्हतं. तिनं एक वाक्य लिहिलं, खोडलं, दुसरं लिहिलं, घामाचं आणि गार पडलेल्या हातांचं. ते मनात वाचलं. मग ती उठून सिस्टरकडं गेली आणि एकही चूक न करता ते म्हणून दाखवलं. सिस्टर ते ऐकताच खुर्ची पाडून धावल्या, डॉक्टर आले, सगळं जे करायचं ते केलं, आणि सव्वाचारला मालुबाई गेली. वॉर्डातल्या कॅमेऱ्यात दिसत होतं, रचना स्टुलावर सात मिनिटं लिहीत बसली होती.

पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली, असं डॉक्टर म्हणाले. सात मिनिटं आधी कळलं असतं तर म्हातारी वाचली असती की नाही, हे कुणालाच छातीठोक सांगता येईना. पण मालुबाईच्या लेकीला गाठ दिसली नव्हती. तिला कॅमेऱ्यातली पोरगी दिसली होती. आमची आई मरत होती आणि ही बया वही काढून लिहीत बसली, असं ती ज्याला त्याला सांगत होती, आणि त्यात खोटं काय होतं? निपाणीहून दोन जीपगाड्या भरून माणसं आली. राघवेंद्र सरांनी हात जोडले आणि चौकशी बसवली.

चौकशीला बाहेरून दोन डॉक्टर आले, एक बंगळूरचे आणि एक मंगळूरचे, दोघांनाही मराठीचा गंध नाही. रचनाला समोर बसवलं. पोरीनं दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. इंग्रजीत सांग म्हटल्यावर तिच्या तोंडातून शब्द फुटेना, मग मराठीत सांग म्हणाले, आणि तिचं सांगणं इंग्रजीत लिहून काढायला वासंतीबाईंना बोलावलं. बाईंचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. सरांनीच कोरा कागद आणि पेन पुढं ठेवलं. रचना खाली बघत हळूहळू सांगत गेली, बाई लिहीत गेल्या. घाम किती वाजता फुटला, हात गार कधी लागले, सिस्टर काय म्हणाल्या. मग रचना म्हणाली, ‘मराठीत सांगितलं तर मार्क जात्यात आणि मॅडम सगळ्यांपुढं बोलत्यात, म्हणून मी लिवाया बसलो. न्हाईतर मी तिथनंच हाका मारलो असतो.’

बाईंचं पेन थांबलं. खोलीत पंखा फिरत होता. सौम्या सिस्टरांची मान खाली होती, राघवेंद्र सर खिडकीबाहेर बघत होते, आणि परगावचे दोन डॉक्टर बाईंच्या तोंडाकडं बघत थांबले होते, आता ही काय लिहिते म्हणून. बाईंच्या मनात त्या क्षणी काय काय येऊन गेलं. एकतीस वर्षांचं नाव आलं. दोनशे मुलींचं कॉलेज आलं. फाटकाशी पुन्हा झेंडे येतील, इंग्रजीपायी पेशंट मेली म्हणतील, ते आलं. आणि मार्कांचं इथं काय काम, असंही आलं. माणूस स्वतःशी किती गोड बोलतो पाहा. त्यांनी रचनाच्या तोंडी लिहिलं की मी माझं सांगणं लेखी तयार करायला गेले. बस, एवढंच. खोटं त्यात काही नव्हतं. मार्कांचं आणि हाकांचं, अशी दोन वाक्यं त्यांनी कागदावर घेतलीच नाहीत. मग त्यांनी सगळा कागद स्वच्छ उच्चारांत वाचून दाखवला, रचनाकडं सरकवला, आणि रचनानं खाली सही केली.

निकाल आठवड्यात आला. विद्यार्थिनीनं पेशंटला सोडून लेखनात वेळ घालवला. एक वर्षासाठी कॉलेजातून कमी. सौम्या सिस्टरांना समज. आणि शेवटी एक शिफारस होती की मुलींची भाषेची तयारी कमी पडते, तेव्हा हा चांगला अभ्यासक्रम दुसऱ्या वर्षालाही लावावा. राघवेंद्र सरांनी बाईंना आभाराचं पत्र पाठवलं. ते पत्र हातात घेऊन बाई अनगोळच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि त्यांना पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. कुणी चूक दाखवली असती तर चष्मा पुसता आला असता. इथं दाखवायला कुणी नव्हतंच, आणि त्या पोरीचं वर्ष गेलं होतं. वर्ष तरी कसलं, असल्या घरातली मुलगी एकदा परत गेली की पुन्हा येत नाही, हे बाईंनी आयुष्यभर बघितलं होतं. वर डोक्यावर माणूस मारल्याचा ठपका.

पंधरा दिवस त्यांनी स्वतःला निरनिराळी कारणं दिली. सोळाव्या दिवशी त्या सकाळच्या बसनं जांबोटीला गेल्या. तिथून पुढं दोन मैल चालायचं होतं; वाटेत दोनदा दगडावर बसावं लागलं. घर गावाच्या टोकाला, समोर अंगण, अंगणात दावणीला म्हैस. रचनाचे वडील रवळू अण्णा बाईंना बघून असे धांदरले की हातातला कोयता कुठं ठेवावा ते त्यांना समजेना. त्यांनी घोंगडं अंथरलं, तांब्या आणला, पोरीला चहा ठेवायला सांगितलं. रचना बाहेर आली, वाळली होती, केस तेल न लावलेले. तिनं वाकून नमस्कार केला आणि आत गेली.

बाईंनी वाटेत सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. पण त्यांच्या आधी रवळू अण्णाच बोलले. ‘मॅडम, पोरीनं तुमची मान खाली घातली बघा. तुमी एवढं जीव लावून शिकिवलासा, आन् येळंला तिला चार वाक्यं धड बोलाया आली न्हाईत. आमी कसं तोंड दावायचं तुमास्नी.’ असं म्हणून त्या माणसानं खरंच हात जोडले. बाईंना वाटलं आपण इथंच जमिनीत जावं. त्या म्हणाल्या की अण्णा, चूक तिची नाही. त्यावर अण्णांनी मान हलवली आणि तुमचं मन मोठं म्हणून तुम्ही असं बोलता म्हणाले. अर्धं खरं सांगितलं की लोक त्याला मोठं मन समजतात. उरलेलं अर्धं बाईंच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. चहा आला, त्यांनी तो घेतला. भाकरी, उसळ आणि ताक झालं, तेही त्यांनी खाल्लं. अण्णांनी घरच्या तांदळाची पिशवी त्यांच्या हातात दिली, तीही घेतली. रचनाचं पुढं काय म्हणून विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले की काजूच्या कारखान्यात सांगून ठेवलंय, आणि लग्नासाठी एक दोन ठिकाणं बघायलाही येणार आहेत. दवाखान्यातलं त्यांच्या कानावर जायच्या आत उरकलं तर बरं, एवढं ते हळू आवाजात बोलले.

परतीची बस दीड वाजता होती. रचना त्यांना पोचवायला निघाली, पिशवी तिनंच घेतली.  थांब्यावर एक दगडी कट्टा होता, त्यावर दोघी बसल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. तसाच मांडीवर धरून ठेवला.

‘रचना, तू सांगितलंस त्यातली दोन वाक्यं मी त्या दिवशी लिहिली नाहीत,’ बाई म्हणाल्या.

‘ठाव हाय, मॅडम.’

‘तुला कसं ठाऊक?’

‘तुमी वाचून दावलासा की. मला तेवढं इंग्रजी कळतंय. तुमीच शिकिवलंसा.’

ती हे रागानं बोलली असती तर बाईंना सोसलं असतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोचणी नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, इतकं साधं ते होतं.  एकतीस वर्षांत त्यांना कुणी एवढं बिनचूक उत्तर दिलं नव्हतं. मग कळत असताना सही का केलीस, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

रचना पिशवीची गाठ सोडत आणि बांधत होती. ‘तुमी काडलासा म्हंजे ते सांगायजोगं नसंल, असं वाटलं मला. वर्गात तुमी वाक्यावर रेघ मारलासा की ते चुकीचंच असायचं. म्हणून मलाबी वाटलं, माजंच चुकलं. तवापासनं तसंच वाटतंय.’

बाई रडल्या. चारचौघींत कधी न रडलेली बाई, पण त्या कट्ट्यावर तोंड न झाकता रडल्या, आणि रचना घाबरून पाणी आणू का म्हणून विचारत राहिली. मग बाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि पर्समधून वही काढली. तू बरोबर बोलली होतीस, मी मुद्दाम गाळलं, भ्याले म्हणून गाळलं, असं त्यांनी तिला अगदी सरळ शब्दांत सांगितलं. नियम माझा होता. परत पाठवायची पद्धत माझी होती. आता पुन्हा पहिल्यापासून सांग, तुझ्याच बोलीत. मी तू बोलशील तसं लिहून घेते, मराठीत, शब्द न बदलता, आणि खाली माझी सही करते. उद्या सकाळी हे सरांकडं देते, त्या दोन डॉक्टरांना पाठवते, आणि निपाणीला मालुबाईच्या लेकीकडं स्वतः जाते. त्यानं तुझं वर्ष परत मिळेल की नाही, हे मला सांगता येत नाही.

 आता कशाला मॅडम, असं रचना एकदा म्हणाली. पण बाईंनी वही मांडीवर उघडलीच होती. तेव्हा ती हळूहळू सांगू लागली. त्या दिवशी दुपारी मालुबाईच्या लेकीनं डबा खाली नेला इथपासून. म्हातारीनं तिला निपाणीच्या वखारीतल्या मुकादमाची गंमत कशी सांगितली, त्यावर दोघी कशा हसल्या, मग बोलता बोलता म्हातारी मध्येच कशी थांबली. बाई एकही शब्द सुधारत नव्हत्या. ‘व्हय’ म्हटलं तिथं ‘व्हय’ लिहीत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं अक्षर वाकडंतिकडं येत होतं.

लांबून बसचा आवाज आला. बस वळण घेऊन थांब्याशी उभी राहिली, कंडक्टरनं दार उघडलं आणि मावशी, येणार काय म्हणून विचारलं. पुढची बस एकदम साडेपाचला. बाईंनी हातानंच जा म्हणून खूण केली. कंडक्टरनं दोघींकडं एकदा बघितलं आणि घंटी मारली.

धूळ खाली बसेपर्यंत दोघी थांबल्या. ‘घाम फुटला, हात गार पडले,’ बाईंनी वहीतलं शेवटचं वाचलं, ‘आणि तुला ती काहीतरी बोलली. चौकशीत हे तुला कुणी विचारलंच नाही. मीही नाही विचारलं. काय म्हणाली ती?’

रचना रस्त्याकडं बघत होती.  बाई पेन धरून थांबून राहिल्या, तिला घाई केली नाही.

‘पोरी, तू जाऊ नगंस, म्हणाली. हात धरून बस हितंच, म्हणाली,’ रचना म्हणाली. ‘आन् मी गेलो, मॅडम.’